थोरला खुंट

सहदेवच्या हातात शिंगाळा माशाचा काटा गेला तो नवरात्राच्या सुमाराला, आणि दिवाळी उलटून थंडी पडायला लागली तरी हात काही त्याचा झाला नव्हता. आधी तो पपनसासारखा सुजला, मग दवाखान्यात चिरला, मग उतरला. पण उतरताना बोटांतला जीव घेऊन उतरला. उजव्या हाताची बोटं आकसून तळव्याला चिकटली होती आणि हात गळ्यात बांधलेल्या फडक्यात निजलेला असे. जन्मभर शिंगाळे हाताळलेला माणूस. "हजारांनी सोडला, एकानं धरला," असं आल्यागेल्याला सांगायचा आणि हसायचा. शेवंतीला त्या हसण्याचा राग यायचा. माणसानं रडावं तरी, म्हणजे बाईला गप्प बस म्हणता येतं.

मुलुंडच्या पूर्वेला मिठागरं ओलांडली की खाडीच्या काठाला त्यांचा कोळीवाडा. सासऱ्यांनी जाताना वाटणी केली ती अशी: थोरल्या सहदेवला खाडीतली जागा, धाकट्या लहूला होडी. दोघांना एकमेकांवाचून अडावं, म्हणजे भांडणार नाहीत, असा म्हाताऱ्याचा हिशेब. हिशेब चुकला. अडले आणि भांडलेही.

जागा म्हणजे दिसायला काय, तर चिखलात उभा एक ताडाचा खुंट. त्याच्यापासून बांबूंची रांग धरायची, रांगेला जाळं बांधायचं. भरतीला पाणी वरून जातं, ओहोटीला मासळी जाळ्यात राहते. बांबू दरसाल बदलतात, पण थोरला खुंट तोच. तो चिखलात आहे तोवर जागा त्या घराची. वादळानं मोडला, कुजून नुसता बुंधा उरला, तरी चालेल. पण घरच्या माणसानं आपल्या हातानं उपटला की जागा मेली. मग पुढल्या होळीला ज्याला वाटेल त्यानं तिथं आपला खुंट ठोकावा. आणि परक्यानं, मग तो वाटणी घेतलेला भाऊ का असेना, दुसऱ्याच्या खुंटाला हात लावला तर त्याची होडी वर्षभर किनाऱ्यावर उलटी. कोळीवाड्यातली भांडणं कोर्टात पुष्कळ गेली होती. खुंटाचं एकही गेलं नव्हतं.

सहदेवचा हात गेल्यापासून जाळं शेवंती काढत होती. ओहोटीला एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायानं चिखल मागं सारायचा, की फळी साबणाच्या वडीसारखी सरकत जाते. लहान पोरीला ती गंमत वाटते. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या कमरेला ती गंमत रात्रभर आठवत राहते. आणि जाळ्यात असायचं काय? चार बोयटं, मूठभर कोळंबी, आणि वरच्या कंपन्यांनी सोडलेल्या पाण्याचा तो रॉकेलसारखा वास. बाजारात गिऱ्हाईक मासा नाकाशी न्यायचं आणि न बोलता परत टोपलीत ठेवायचं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्या रविवारी ती जाळ्याशी पोचली तर जाळ्यात मासळीऐवजी पाखरं अडकलेली. लांब चोचीची, करड्या पाठीची, थंडीत थव्यानं येणारी. बहुतेक मेली होती. एक अजून धडपडत होतं. शेवंती ते सोडवत असतानाच मागून आवाज आला.

"थांबा! पंख ओढू नका!"

बांधावर टोप्या घातलेली, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं उभी होती. गेली दोनतीन वर्षं ती थंडीत येत. त्यांतल्या नलिनीताई, मुलुंडच्या एका शाळेतल्या बाई आणि त्या पक्षीमंडळाच्या चिटणीस, साडी वर खोचून थेट चिखलात उतरल्या होत्या. दहा पावलांत एक चप्पल चिखलानं गिळली. त्या दुसरीही सोडून पुढं आल्या. शेवंतीला ते आवडलं. बाईमाणूस चप्पल सोडून पुढं येतं, म्हणजे काहीतरी जळतंय आत.

नलिनीताईंनी पाखरू ओंजळीत घेतलं, शेवंतीनं दातानं दोरा तोडला. पाखरू उडालं, पडलं, पुन्हा उडालं.

"तुतवार आहेत हे," नलिनीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "सायबेरियातून येतात. हिमालय ओलांडून."

"एवरं लांबून? तिकरं खायाला नाय काय?"

"तिकडे बर्फ पडतं ना."

"मग आमच्यासारकंच," शेवंती म्हणाली. "पोटासाठी चिखलात."

नलिनीताई हसल्या नाहीत. मेलेली पाखरं त्यांनी एकेक करून पदरात घेतली.

पुढल्या आठवड्यात त्या घरी आल्या. फरशीवर बसल्या, कोरा चहा प्यायल्या, सहदेवच्या हाताची विचारपूस केली. मग म्हणाल्या ते असं: हा चिखल राखीव व्हावा म्हणून मंडळानं सरकारकडे अर्ज केला आहे, त्याला लागेल तेवढी वर्षं लागोत. पण ह्या थंडीत लोकांना होडीतून पक्षी दाखवायचे असं ठरलंय. लोकांनी बघितलं तरच त्यांना जपावंसं वाटेल. रविवारी होडी लागेल, चहा-न्याहारी लागेल, वाट दाखवायला माणूस लागेल. ते काम शेवंतीच्या घराला. फक्त जाळं आणि खुंट तेवढे काढायचे.

"जालं काढतू," सहदेव म्हणाला. "खुंट नाय."

"नुसता खुंट राहिला तरी त्याच्यावर घार बसते हो. पक्षी उतरत नाहीत. सदस्य म्हणतात, सगळं मोकळं झाल्याशिवाय काम द्यायचं नाही." त्यांनी शेवंतीकडे बघितलं. "मला तुमची अडचण कळते, पण मी एकटी नाही तिथे."

त्या गेल्यावर सहदेव भिंतीकडे तोंड करून निजला. शेवंती तांदूळ निवडत बसली. जाळं ओढायला हात नाही, आणि कामाला हो म्हटलं तर जागा जाते. तांदूळ निवडून झाले, पुन्हा सुपात ओतून तेच निवडायला घेतले. आणि मग तिला सुचलं.

"अवो. खुंट उपटायचा नाय. कापायचा."

"म्हंजे?"

"चिखलाबरोबर. वर दिसायचा नाय, म्हंजे बाईंची पाखरं खूश. आत बुंधा हाय, म्हंजे जागा आपली."

सहदेव उठून बसला. नवरात्रानंतर पहिल्यांदा तो तिच्याकडे नीट बघत होता. "शेवंते," तो म्हणाला, "तुना वकील करायला पायजे व्हता."

कोळीवाड्याचे पाटील, भाऊपाटील, यांच्याकडे ती रीतसर विचारायला गेली. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, दाढेखाली नीट बसवली आणि मग सांगितलं, "बुंधा चिखलात हाय तवर जागा तुझी. कापायला बंदी नाय. असं कुनी केला नाय म्हनून रीतीत नाय."

होडी मात्र लहूची. लहू ज्या कारखान्यात कामाला होता तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. तेव्हापासून तो होडीत रेती वाहायचा, आणि ते नसेल तेव्हा होडीला डांबर फासत बसायचा. होडीवर चार पोरं जगत होती. भावाशी बोलणं बंद होतं. शेवंती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय वयनी, वाट चुकलीस?"

"चुकले असते तर तुझ्या बायकोनं आतापातूर झाडू काढला असता."

आतून लहूची बायको हसली. पुढचं सोपं गेलं. सगळं ऐकून लहू म्हणाला, "म्हंजे जागा बी तुमची, काम बी तुमचा, आनी वल्हं मारायला मी?"

"मीबी मारतंय ना वल्हं. दादा पुढं बसंल. पैसं आलं तं दोन्ही घरांत सारकं."

"आनी खुंट गेला कवा, तं जागा मी घेईन. आथाच सांगतंय."

"घे ना. आधी जाऊ तं दे."

अमावास्येच्या ओहोटीला पाणी लांब गेलं तेव्हा शेवंतीनं बांबू काढले आणि करवत घेऊन खुंटाशी गुडघ्यांवर बसली. आधी हळदकुंकू लावलं. ताड जुना होऊन शिंगासारखा कडक झाला होता; करवत कण्हत होती. बांधावर बायका गोळा होऊन हसत होत्या. "शेवंते, न्हाव्याचं दुकान काढलंस का गो?" खुंट पडला तेव्हा आतून पांढरट, ओला, नवा दिसला. उरलेला बुंधा वीतभर वर राहिला, तिरका कापल्यामुळं टोकदार. तिच्या दंडात तेवढंच बळ होतं. खाली परत कापायला भरतीनं वेळ दिला नाही. उद्या करू म्हणाली. उद्या दंड वर होईना, परवा पाहुणे आले. वीतभर तर वीतभर, पाण्यात कोण बघतंय.

रविवार बरे जात होते. भरती साधेल तशी होडी सुटायची, पुढं नाळेवर सहदेव, मागं सुकाणूला लहू, मधे शेवंती वल्ह्यावर. पाहुणे शाली गुंडाळून बसत. सहदेवला सकाळी दाढी करावीशी वाटू लागली. एकदा मात्र "उथळ हाय!" म्हणून तो सवयीनं ओरडला आणि समोरचा सगळा थवा भर्रकन उठला. एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "ह्या माणसाला गप्प बसवा हो, एवढ्या लांबून येतो आम्ही." नलिनीताई दुर्बीण पुसत राहिल्या. घरी आल्यावर शेवंतीच बोलली. "तोंड कशाला उघारलं? हात हाय ना, हातानं दावा. काम घालवाल." सहदेव बरं म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पौषातल्या त्या रविवारी पाणी उतरायला लागलं होतं. परतायचं, तर टोपीवाल्यांना कुठलातरी दुर्मीळ पक्षी दिसला, कांदळाच्या झाडीच्या बाजूला. जवळ घ्या, अजून जवळ. आजवर होडी त्या अंगाला नेलीच नव्हती, कारण तिकडं बुंधा होता. लहूनं शेवंतीकडं बघितलं. शेवंतीनं मान हलवली: दादा आहे पुढं.

वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढं असते. तिला दिसत होता फक्त लहूचा चेहरा, आणि लहूचे डोळे सहदेवच्या हातावर. सगळे गप्प. एक शेकाट्या लाल पायांवर उभा राहून होडीकडं बघत होता. मग लहूच्या डोळ्यांत काहीतरी हललं, त्यानं सुकाणू वळवलं, आणि शेवंतीच्या ढुंगणाखालच्या फळीला खालून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्या क्षणी तळाची फळी फुटून ताडाचं टोक दोन पाहुण्यांच्या मधून वर आलं.

उजवीकडे घ्यायचं होतं. सहदेवचा उजवा हात फडक्यात हलला होता, फडक्यातच राहिला होता. मग घाईत डावा वर गेला. आणि डावा हात वर म्हणजे होडी डावीकडे, हे लहूला बापानं शिकवलं होतं. सहदेवनं ओरडायला तोंड उघडलं होतं. ते अजून उघडंच होतं.

जिवाला धोका नव्हता. पाणी गुडघाभर, तेही चाललेलं. पण पाणी उतरलं तशी होडी आपल्या वजनानं टोकावर आणखी खाली बसली, आणि बांधापर्यंत नुसता चिखल उरला. शेवंतीनं बांधावरून आपली चिखलातली फळी आणली, एकेका पाहुण्याला तिच्यावर पालथं निजवलं आणि ढकलत नेलं. टोपीवाले गृहस्थ जड होते. "सांभाळून, कॅमेरा आहे," एवढंच ते सारखं म्हणत होते. शेवंतीच्या तोंडात चिखल जात होता. बांधावर पोचल्यावर त्यांनी बूट बघितले, मग तिला बघितलं.

"कापलेला दिसतोय खुंट. काढायला सांगितलं होतं ना? ही फसवणूक झाली."

नलिनीताई स्वतः चालत आल्या, मांडीपर्यंत माखून. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "शेवंतीबाई, का हो असं केलंत?"

"बाई, काढला असता तं घराची जागा गेली असती."

नलिनीताईंनी हातावरचा चिखल पदराला पुसला. मग हळू म्हणाल्या, "आता मंडळ तुम्हाला काम देणार नाही. निदान तो काढलात तर मी त्यांच्याशी भांडू शकेन. नुसतं माझ्या शब्दावर नाही ऐकायचे."

दुपारपर्यंत कोळीवाडा बांधावर जमला होता. चार बाप्यांनी होडीला खांदा लावला. होडी हलली नाही, माणसं मात्र मांडीपर्यंत रुतली. खालून करवत शिरवावी, तर खणलेला चिखल लगेच भरून यायचा. फळ्या तोडून होडी सोडवावी, तर मग सोडवायची कशाला? लहू होडीच्या अंगाला टेकून बसला होता. त्याचं कपाळ डांबरानं काळं झालं होतं.

लांब खाडीच्या मधोमध पाण्याची रेघ चमकायला लागली. भरती फिरली होती.

"पानी आत येनार," लहू म्हणाला. "भरनार. मग धार सुटली का बुंध्यावर फिरंल आनी फाटंल. सांजंपर्यंत होरी नाय माझी."

शेवंतीनं फुटलेल्या फळीवरून हात फिरवला.

"फटीत चिंध्या ठासल्या तं तरंल. तरली का वर उचलंल." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "बुंध्याला घेऊन उचलंल."

हे तिला ठाऊक होतं. कोळी खुंट हातानं ओढत बसत नाहीत. ओहोटीला खुंटाला होडी बांधून ठेवतात, भरती उपटून देते. बांधणारा हात कुणाचा, एवढंच पाटील बघतो.

"तू ठास ना," ती म्हणाली.

"माझा हात लागला तं होरी उलटी. ठाऊक हाय तुना." आता त्यानं वर बघितलं. रडून डोळे लाल नव्हते, चिखलानं होते. निदान तसं त्याला दाखवायचं होतं. "वयनी, म्या जागा घेईन बोललो व्हतो. नाय घेत. आयची आन. दुसरा कुनी घेवो, मी नाय. पन माझी होरी जाऊ देऊ नको गो. चार पोरा हायेत."

तिनं बांधाकडं बघितलं. सहदेव उकिडवा बसला होता. दुखरा हात त्यानं फडक्यातून काढून गुडघ्यावर ठेवला होता, जसा एखादा दुसऱ्याचा जिन्नस सांभाळायला घ्यावा तसा. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्यानं ना हो म्हटलं, ना नाही. भाऊपाटील त्याच्या शेजारी उभे होते. तंबाखूसुद्धा मळत नव्हते.

होडी गेली तर बुंधा राहील. चिखलात जागा राहील. जाळं ओढायला हात नाही, वास मारणाऱ्या मासळीला गिऱ्हाईक नाही, पण जागा राहील. पोराच्या पोराला सांगता येईल. होडी राहिली तर दोन घरं ही थंडी काढतील, आणि बाई मंडळाशी भांडून जिंकल्या तर पुढलीही. शेवंती वकील नव्हती. तिनं वेळ मोजायला पाण्याकडं बघितलं, तर पाणी होडीच्या बुडाला लागून आत डोकावत होतं.

तिनं नेसूच्या लुगड्याचा पदर दातानं फाडला.

होडीत चढून ती बुंध्याशी बसली. चिंधीत चिखल भरायचा, वळी करायची, फटीत घालायची आणि वल्ह्याच्या मुठीनं ठोकायची. बुंध्यावर सासऱ्यानं केलेली खाच तिच्या बोटाला लागली, ती तिनं चिंधीखाली झाकली. लहू हात मागं बांधल्यासारखा उभा होता आणि फक्त सांगत होता. "तिकरं, वयनी. अजून. अजून ठोक." तिची नखं उलली. पाणी थांबत नव्हतं, मग कमी झालं, मग नुसतं पाझरू लागलं.

भरती चढली. होडीची मागची बाजू उचलली, डुलू लागली. मधला भाग जागचा हलेना. पाणी होडीच्या काठाला आलं, काठावरून एक लाट आत पडली. "नाय निघत," लहू पुटपुटला, "गेली, गेली." बुंधा सोडत नव्हता. इतकी वर्षं धरलेलं कोण एका दुपारी सोडतं? शेवंतीनं दोन्ही हातांनी बुंध्याचं टोक धरलं. कशासाठी धरलं ते तिलाही सांगता आलं नसतं. वर ओढायला, की खाली दाबायला.

मग खालून एक आवाज आला, चिखलातून म्हशीनं पाय काढावा तसा. होडी हिसका देऊन वर आली आणि भोवऱ्यासारखी अर्धी वळली.

बांधावरून टाळ्या आल्या. पक्षीमंडळाची माणसं वाजवत होती, टोपीवालेही. त्यांना मनापासून आनंद झाला होता. नलिनीताई वाजवत नव्हत्या. कोळीवाड्यातल्या बायकांनी पाठ फिरवली होती, मयताच्या वेळी फिरवतात तशी.

भाऊपाटलांनी दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं, रीत होती म्हणून. "कुनाच्या हातानं निंगाला?"

लहूनं तोंड उघडलं. "भरतीनं..."

"माझ्या," शेवंती ओरडली. "माझ्या हातानं."

सहदेव उठला आणि कोणाकडं न बघता घराच्या दिशेनं चालू लागला.

बुंधा होडीच्या बुडात रुतून खाली लोंबत होता. तो काढला असता तर भोक मोकळं झालं असतं, म्हणून तसाच घेऊन जायचं होतं. होडी जड चालत होती, खालचं लाकूड चिखल नांगरत येत होतं.

"किनाऱ्याला नेऊन काढू," शेवटी लहू म्हणाला. "तुझ्या दारात आनून टाकतंय."

"टाक. चुलीत घालीन."

"वयनी..."

"ओला हाय आथा. वालंल." होडीत घोटाभर पाणी साचलं होतं. ती वाकली, डबा उचलला आणि उपसायला लागली. "तू वल्हं मार रं. बघत काय रायलास?"